तिसरी मात्रा

तेल शुद्ध करण्याच्या त्या कारखान्यात एक नियम होता. आम्लघराच्या चालकाने आम्लघरापासून ऐंशी पावलांवर असलेल्या खोलीतच राहायचे. नियम करणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. खनिज तेलात गंधकाम्ल मिसळले की पुढचे काम घड्याळ पाहून होत नाही. गाळ कधी धरेल आणि कधी सुटेल, हे तेल ठरवते. आणि तो वेळेवर काढला नाही, तर त्यातली घाण पुन्हा तेलात उतरते. तेव्हा जाणता माणूस हाकेच्या अंतरावर हवा. त्या माणसाला बायको असेल आणि त्या बायकोला फुप्फुसे असतील, ही गोष्ट मात्र नियमात कोठे आलेली नव्हती.

त्या खोलीत एकोणीस वर्षे राहिलेल्या माणसाला सगळे निवळमास्तर म्हणत. शिक्षक ते कधीच नव्हते. ढवळलेले तेल निवळायला किती अवधी द्यायचा, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नसे, आणि नव्या कामगारांना ते सांगताना त्यांचा सूर शाळेतल्यासारखा होई. एवढ्यावरून हे नाव पडले आणि चिकटले.

त्यांचे काम असे होते. दोन मजले उंच, खाली निमुळती होत गेलेली, आतून शिशाचा पत्रा मारलेली टाकी. तिच्यात तेल भरायचे, तळातून हवा सोडून ते उकळल्यासारखे खळबळवायचे आणि वरून बारीक धारेने आम्ल सोडायचे. आम्लाची पहिली मात्रा, मग निवळण, मग दुसरी मात्रा. प्रत्येक मात्रेनंतर तेलात मिरीच्या भुग्यासारखे काळे कण दिसू लागत. हवा बंद केली की ते हळूहळू एकमेकांना धरत आणि डांबरासारखा गाळ होऊन तळाशी बसत. गाळ काढून झाला की उरलेले आम्ल मारण्यासाठी सोड्याचे पाणी, आणि त्यानंतर कोमट पाण्याची अगदी हलकी फवारणी. ही फवारणी हळुवारच हवी. घाईने ढवळले तर तेल आणि पाणी मिळून दुधासारखे होते आणि दोन-दोन दिवस वेगळे होत नाही. शेवटी रंग शोषणारी माती मिसळून तेल कापडातून दाबून गाळायचे. हे तेल विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाई. तेथे ते वर्षानुवर्षे तापत राहते, आणि त्याने तापत राहूनही जसेच्या तसे राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

मास्तरांची बायको त्या खोलीत पहिली आठ वर्षे राहिली. गाळ काढण्याच्या दिवशी गंधकाचा वायू खिडकीच्या फटीतून आत येई. तिने फटींत कागद कोंबले, मग चिंध्या, मग खिडकीलाच बाहेरून फळी मारून घेतली. सातव्या वर्षी ती जिना चढताना मध्येच थांबू लागली. डॉक्टरांनी औषध लिहून दिले, आणि चष्मा काढून, खोली कोणती ते विचारले. उत्तर ऐकल्यावर त्यांनी औषधाचा कागद परत मागितला नाही, पण हवा बदलल्याशिवाय त्याचा उपयोग नाही असे सांगितले. ती बसने चार तासांवर असलेल्या शहरात थोरल्या बहिणीकडे गेली. जाताना दोन लुगडी आणि शिवणयंत्र एवढेच तिने नेले, कारण जाणे महिन्याभराचे होते. त्याला अकरा वर्षे झाली.

एक आड एक रविवारी मास्तर तिकडे जात. आदल्या दिवशी सोड्याच्या पाण्याने अंग घासून काढत. आम्लाच्या वाफेने त्यांचे स्वतःचे नाक केव्हाच गेलेले होते. आपल्याला वास येतो की नाही, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागे. गाळण विभागात एक माणूस होता. गाळण्याची फडकी धुणे हे त्याचे काम, म्हणून सगळे त्याला फडके म्हणत. त्याचे खरे आडनाव पगाराच्या दिवसाखेरीज कोणाला आठवत नसे. शनिवारी संध्याकाळी मास्तर धुतलेला सदरा घेऊन त्याच्याकडे जात आणि फडके गंभीर चेहऱ्याने तो हुंगून निकाल देई. कधी तो पास करी, कधी म्हणे की काखेत अजून कारखाना आहे. तरीही मेव्हणी दार उघडताच म्हणायची, "या भाऊजी. तुम्ही आलात की घर कसं इस्पितळासारखं वाटतं." त्यात राग नसे. पण पाहुण्याला आपण पाहुणे आहोत, हे दर पंधरवड्याला कळावे एवढे त्यात असे.

मेव्हणीचे घर लहान होते आणि माणसे सहा. नवरा-बायकोने वेगळे बसावे अशी जागा तेथे नव्हती. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात शिवणयंत्र ठेवलेले होते. मास्तर त्याच्या शेजारी स्टुलावर बसत. बोळातून येणारे-जाणारे त्यांचे गुडघे ओलांडून जात. त्या दोघांनी ह्यावर एक उपाय काढला होता. बायको यंत्राखाली जुने कापड सरकवून विनाकारण शिलाई घालत राही, आणि त्या खडखडाटात ती दोघे बोलत. बाहेर ऐकणाऱ्याला वाटावे, काम चालले आहे. बोलणे मोठे नसे. कोणाचे ब्लाउज शिवायला आले आहेत, खोलीत पाणी किती वेळ येते, दात दुखायचा थांबला का. पण ते दोघांचे असे. त्या एका कापडावर शिलाईच्या इतक्या ओळी पडल्या होत्या की ते पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते, आणि बायको ते फेकू देत नसे.

मग कंपनीने त्याच शहरात तेलाचे कोठार काढले. रवाना होण्याआधी प्रत्येक पिंपातल्या तेलाचा नमुना तपासणारा माणूस तेथे हवा होता. त्या जागेला खोलीचे बंधन नव्हते; हवे तेथे राहावे. मास्तरांनी अर्ज केला. व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून सांगितले की वीज कंपनीची मोठी मागणी आली आहे, लागोपाठ तीन घाणे, म्हणजे टाकीची तीन भरणी, उत्तम प्रतीचे काढून द्या, मग तुम्हाला सोडतो. तोवर सोडणे मला परवडणार नाही. अट रास्त होती. मास्तरांना ती सोपीही वाटली, कारण गेली कित्येक वर्षे ते दुसरे काय करत होते?

पहिला घाणा उत्तम निघाला. दुसराही. तिसऱ्याला आलेले कच्चे तेल मुळातच काळपट होते. दुसरी मात्रा देऊन, निवळून, मास्तरांनी नमुना काढला आणि खिडकीपाशी प्रमाण रंगाच्या काचेशेजारी धरला. काचेहून तेल किंचित पिवळे होते. इतके किंचित की दुसऱ्या कोणाला दिसलेही नसते. अशा वेळी काय करायचे ते त्यांना पाठ होते. प्रयोगशाळेला कळवायचे, माती वाढवून पाहायचे, आणि तरीही रंग आला नाही तर तो घाणा दुसऱ्या प्रतीत घालायचा. दुसऱ्या प्रतीत घालणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तीन घाणे, आणि तोपर्यंत कोठारातली जागा भरली जाणार.

नव्या माणसांना ते नेहमी एक वाक्य सांगत: "तेल स्वच्छ करायचं, नागडं करायचं नाही." तेलात गंधकाची काही द्रव्ये अशी असतात की हवेचा मारा ती स्वतःवर घेतात आणि तेलाला जपतात. आम्लाला घाण आणि राखणदार ह्यांतला फरक कळत नाही. मात्रा वाढवली की तेल पाण्यासारखे दिसू लागते, आणि त्याच वेळी ते उघडे पडलेले असते. हे जाणणाऱ्या माणसाने त्या दुपारी आम्लाची तोटी तिसऱ्यांदा उघडली. आपण चूक करत आहोत, असे त्यांना त्या क्षणी वाटलेही नाही. एवढेसे पिवळेपण गेले म्हणजे झाले, इतकेच वाटले. मनापासून हवे असलेले काही समोर असताना आपण जे करतो, ते करताना फार क्वचित आपल्याला दिसते. वहीत मात्र त्यांनी दोनच मात्रा लिहिल्या, आणि हे करताना मात्र दिसले.

तेल असे निघाले की प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली दोनदा उलटी करून पाहिली आणि आत खरोखर तेल आहे का असे विचारले. रंग, आम्लता, विजेचा दाब, सगळ्या कसोट्यांना ते उतरले. एक कसोटी राहिली. तेलात तांब्याची तार बुडवून आठवडाभर तापवत ठेवायचे आणि ते कसे म्हातारे होते ते पाहायचे. ही कसोटी वेळखाऊ म्हणून दहा घाण्यांतून एकदाच घेण्याची तेथे वहिवाट होती, आणि ह्या वेळी पाळी नव्हती. बदलीचे पत्र आले. बदली दोन महिन्यांनी, एक तारखेपासून होती.

त्या रविवारी मास्तर पत्राबरोबर त्याच तेलाची लहान बाटली घेऊन गेले. बायकोने पत्र दोनदा वाचले आणि बाटली उजेडापुढे धरली.

"एवढ्यासाठी अकरा वर्षं?" ती म्हणाली.

"एवढ्यासाठीच."

ती हसली, आणि त्याच तेलाचे थेंब तिने यंत्राच्या पितळी सांध्यांत सोडले. बाटली खिडकीत ठेवली. दुपारी दोघे दोन गल्ल्या पलीकडे रिकाम्या असलेल्या दोन खोल्या पाहायला गेली. खोल्या तळमजल्यावर होत्या. खिडकीसमोर भिंत होती; पण भिंत आणि खिडकी ह्यांच्यामध्ये हवा होती, आणि तिला तेवढे पुरेसे होते. तिने खिडकीची रुंदी वितीने मोजली. मग मोकळ्या फरशीकडे पाहत, जणू कोणा तिसऱ्याबद्दल विचारावे तसे, तिने विचारले की तुम्ही भिंतीकडे झोपायचात की दाराकडे, मला आठवेना. मास्तरांनाही आठवेना. किल्ली त्याच दिवशी तिने घेतली.

पुढच्या खेपेला ती पडदे शिवत होती. त्यापुढच्या खेपेला, म्हणजे तेल दिल्याला चार आठवडे झाले तेव्हा, यंत्र थोडे जड चालत होते. कापडच जाड आहे, असे ती म्हणाली. सहाव्या आठवड्यात मास्तर आले तेव्हा बोळात शांतता होती.

यंत्र अडले होते. तिने हळू आवाजात सांगितले की तीन दिवस झाले, चाकच फिरत नाही. मास्तरांनी खिडकीतली बाटली पाहिली. तेल चहासारखे झाले होते. त्यांनी यंत्राचा सांधा उघडला आणि आतले चिकट चिमटीत घेऊन चोळले. डिंकासारखी तार निघाली. पत्र्याच्या छपराखालची उष्णता आणि पितळातले तांबे. सहा आठवडे पुरले होते. आता यंत्राचा आवाज नव्हता आणि चार पावलांवर मेव्हणी भाजी चिरत होती. बोलायचे ते ओठांतल्या ओठांत बोलावे लागणार होते.

"तेल जुनं होतं का?" बायकोने विचारले.

"नाही."

"मग काय घातलंत त्यात?"

"एक मात्रा जास्त. रंग येत नव्हता."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"वहीत दोनच लिहिल्यात."

आतून मेव्हणीने विचारले, "काय गं, यंत्र का बंद? आज भांडण वाटतं."

"नाही गं ताई, तेल देतोय," बायको म्हणाली. मग मास्तरांकडे वळून तिने विचारले की ते तेल आता कोठे आहे. निम्मे अजून कारखान्यात पिंपांत होते आणि निम्मे वीज कंपनीकडे गेले होते. ते भरायला अजून अवधी होता. ट्रान्सफॉर्मरमध्ये काय होईल, ते मास्तरांनी तिला थोडक्यात सांगितले. तेथे तेल सदैव गरम आणि सगळीकडे तांबे. जे ह्या सांध्यात झाले तेच तेथे होईल, गाळ तारांवर बसेल, उष्णता बाहेर पडणार नाही. आणि एखाद्या दिवशी कोणाच्या तरी गल्लीतली, नाहीतर कोणाच्या तरी इस्पितळातली वीज जाईल. वीज गेली तर बरे. आगही लागू शकते.

"सांगितलंत तर?"

"कोठाराची जागा जाईल."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर मी रोज संध्याकाळी घरी येईन," मास्तर म्हणाले.

चिकट झालेला सांधा तिने फडक्याने पुसला, पुन्हा पुसला. सांगा असे ती म्हणाली नाही, सांगू नका असेही नाही. शेवटी तिने एवढेच म्हटले की पडदे तीन झालेत, चौथा हाताने शिवून घेते. ते ऐकून मास्तर उठले आणि नेहमीच्या आधीच्या बसने परत गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी प्रयोगशाळेत जाऊन बाईंच्या समोर वही उघडली आणि दोनच्या जागी तीन लिहून, खाली त्या दिवसाची तारीख घालून सही केली. बाई आधी रागावल्या. मग म्हातारपणाची कसोटी आपण घेतली नव्हती, हे त्यांच्याही ध्यानात आले. कच्चे तेलच खराब होते असे आपण दोघे मिळून सांगू, असे त्यांनी सुचवले. त्या सुचवण्यात मास्तरांबद्दलची माया होती आणि स्वतःबद्दलची भीतीही होती. कोणती किती, हे बहुधा त्यांनाही सांगता आले नसते. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. बाईंनी तेल तापवायला ठेवले. पाचव्या दिवशीच तार काळी पडली.

पिंपे परत आली. ती वाया गेली नाहीत. थोडे कमी शुद्ध केलेले तेल मिसळले की असल्या तेलाला त्याचे राखणदार परत मिळतात, आणि तसेच करण्यात आले. व्यवस्थापक कठोर नव्हते. त्यांनी मास्तरांना काढले नाही, दंडही केला नाही. एवढेच सांगितले की ज्याने एक मात्रा लपवली, त्याला दुसऱ्यांच्या तेलाचा पारखी म्हणून मी बसवू शकत नाही. मास्तरांनी ह्यावर विचार केला आणि साहेबांचे म्हणणे त्यांना बरोबर वाटले. आपल्याविरुद्धचा निकाल बरोबर आहे हे कळल्याने तो सोसणे सोपे होते, असे म्हणतात. त्यांना तसा अनुभव आला नाही.

जागा फडकेला मिळाली. तो हातातले ओले फडके खाली न ठेवताच मास्तरांकडे आला आणि विचारू लागला, "मास्तर, मी नको म्हणून सांगू का?"

"वेडा आहेस? पोरींना तिथे चांगली शाळा आहे. जा."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल. पण खरी अडचण वेगळीच आहे. आता माझे सदरे कोण हुंगणार?"

फडके हसला, आणि हसता हसता त्याने तेच ओले फडके तोंडाला लावले.

त्यानंतरच्या रविवारी मेव्हणीने दार उघडले तेव्हा तिने इस्पितळाचे नाव काढले नाही. ती इथे नाही, एवढेच म्हणाली, आणि हाताने दोन गल्ल्या पलीकडची दिशा दाखवली. बायकोने दोन खोल्या सोडल्या नव्हत्या. यंत्र रॉकेलने धुऊन चालू केले होते, शिवणावर भाडे निघत होते, आणि ती तेथे एकटीच राहायला गेली होती. चार पडदे लागले होते. मास्तर दारातच थांबले. कोणाच्या घरी आलो आहोत, हे त्यांना पटकन कळेना.

"या ना," ती म्हणाली. "आपल्याच घरी आलाय."

त्या दिवशी दार लोटून घेता आले. बोलण्यासाठी यंत्र चालवावे लागले नाही. अकरा वर्षांत न बोललेले किती साठले असेल असे दोघांनाही वाटत होते, पण दुपारभर त्यांचे बोलणे फारसे झाले नाही. एकमेकांची बसण्याची, उठण्याची सवय त्यांना पुन्हा लावून घ्यावी लागत होती. पाचच्या बसला मास्तर उठले, कारण सोमवारी सातला टाकी भरायची असे आणि नियम होता तसाच होता.

सोमवारच्या टाकीमुळे मास्तरांना रविवारीच परतावे लागते, हे प्रयोगशाळेतल्या बाईंना कोणी सांगितले, ते कळले नाही, कदाचित फडकेने. मास्तरांनी काही मागितले नव्हते. एका शनिवारी आम्लघराच्या दारावर बाईंच्या सहीचा कागद लागला की यापुढे सोमवारचे तेल भरण्यापूर्वी अधिक वेळ कोरडे करायचे आहे, सबब टाकी दहाला भरावी. तेलाला त्याची गरज होती की नव्हती, हा प्रश्न मास्तरांना पडला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तेलाबद्दलचा प्रश्न विचारला नाही.

तेव्हापासून एक आड एक रविवारी ते रात्री तेथे राहतात आणि सोमवारी पहाटेच्या बसने परततात. पूर्वी पंधरवडा हा एक सलग काळ होता. त्यात कोठेच काही नसे, म्हणून तो कसा तरी निघून जाई. आता त्यात एक रात्र आली आहे, आणि तिच्यामुळे उरलेल्या तेरा रात्री वेगवेगळ्या कळू लागल्या आहेत. निवृत्तीला चार वर्षे आहेत. बायको म्हणते की अकरापुढे चार काय. आणि मग स्वतःच म्हणते की ही चार जास्त लांब वाटताहेत.

पहाटेची बस ज्या वळणावरून सुटते तेथून त्या दोन खोल्यांची खिडकी दिसत नाही. मध्ये भिंत आहे, आणि भिंतीपुढे आणखी घरे. मास्तर तरी दर वेळी बसमध्ये उजव्या बाजूलाच जागा धरतात, कारण ती खिडकी त्या बाजूला आहे.